मिलिंगची जागा

हैदरनं पहारीचं टोक मशीनच्या बुडाखाली घातलं, दांड्यावर पोट टेकवलं आणि अंगाचा सगळा भार खाली टाकला. लोखंड कापायचं, टनाच्या वर वजनाचं ते मिलिंग मशीन बोटभर उचललं गेलं. तेवढ्या फटीत नवाबनं लोखंडी पाइप सरकवला आणि हात मागं घेतला.

"छोड दे," नवाब म्हणाला.

पहार सुटली. मशीन पाइपवर बसलं, जरासं डोललं आणि थांबलं. मुकुंदवाडीच्या त्या बोळात दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर जमलेल्या बायामाणसांनी असा मोठा श्वास सोडला, की जणू मशीन त्यांनीच उचललं होतं.

बद्रीनाथ मशीनच्या पुढं उलट्या पावलांनी चालत होता. त्याला करण्यासारखं काही नव्हतं, तरी दोन्ही हात त्यानं पुढं धरले होते. मशीन कलंडलंच असतं तर त्या हातांचा काय उपयोग झाला असता, देव जाणे. पण माल त्याचा होता, आणि ज्याचा माल असतो त्याचे हात असे आपोआप पुढं येतातच.

त्याची उमेदीची सगळी वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मिलिंगवर गेली. मग कारखान्याला टाळं लागलं, आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला दुसरीकडे कोणी दारात उभं करीना. थोडे दिवस तो घरात बसला, थोडे दिवस घरातल्यांवर चिडला, आणि शेवटी त्यानं ठरवलं की मशीन घरीच टाकायचं आणि वाळूजच्या छोट्या कारखान्यांची सुटी कामं घ्यायची. एक वर्कशॉपवाला धंदा आवरत होता, त्याच्याकडं हे मिलिंग मिळालं. जुनं होतं, रंगाचे पोपडे निघालेले होते, पण हाताला खरं होतं. सकाळी हायड्रा क्रेननं ते टेम्पोतून उचलून बोळाच्या तोंडाशी उतरवलं आणि हायड्रावाला निघून गेला. पुढं बोळ एवढा अरुंद, की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. तिथून पुढचं काम पाइप, पहारी, लाकडी ठोकळे आणि शहागंजच्या हैदरचं.

हैदर आणि त्याचा धाकटा भाऊ नवाब जड मशीन हलवण्याचा हा धंदा बापाच्या हाताखाली शिकले होते. हैदरनं आल्या आल्या मशीनकडं, सोयरिकीला आलेल्या स्थळाकडं बघावं तसं, वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मिलिंगचं वजन वरच्या अंगाला जास्त. त्यानं बद्रीकडून टेबल पार खाली उतरवून घेतलं, वरचं डोकं फिरवून आतल्या बाजूला बांधायला लावलं, आणि मग कुठं पहिल्या पाइपला हात घातला. कामात दोघं भाऊ फारसं बोलत नव्हते. एकानं पहार दाबली की दुसऱ्याचा पाइप तयार, एकानं मान हलवली की दुसरा थांबलाच. बद्रीनाथला ते बघायला बरं वाटत होतं आणि थोडं खुपतही होतं.

कारण सगळ्या बोळाला मशीनची काळजी होती, पण बद्रीनाथची काळजी निराळी होती. ती घरामागच्या शेडमध्ये खडूनं आखून ठेवलेली होती, आणि ती फक्त दोघांना ठाऊक होती, त्याला आणि त्याच्या बायकोला, आशाबाईला.

हे घर दोन भावांचं. थोरले काकासाहेब पाचोडला शेती करायचे. बद्री शहरात आयटीआयला आला, त्याला राहायला धड जागा मिळेना, तेव्हा काकासाहेबांनी मोसंबीच्या बागेच्या उत्पन्नातून मुकुंदवाडीत हा प्लॉट घेतला. मग एकेक खोली उभी राहत गेली. दोन खोल्या एका अंगाला, दोन दुसऱ्या अंगाला, मध्ये अंगण, स्वयंपाकघर एकच, आणि सगळ्याच्या मागं आडवं लांबलचक पत्र्याचं शेड. कागदावर दोघांचीही नावं. काकासाहेबांचे गुडघे कामातून गेले तसे ते रान बटईनं कसायला देऊन बायकोसह इथंच राहायला आले, आणि येताना द्वारकाबाईंनी म्हैसही आणली. काही वर्षं शेडमध्ये म्हैस होती. मग महापालिकेची माणसं येऊन बोलून गेली आणि म्हैस पाचोडला परत गेली. द्वारकाबाई त्या दिवशी जेवल्या नव्हत्या.

भांडण म्हणाल तर घरात एकही नव्हतं. सुरुवात झाली ती काकासाहेबांच्या मुलापासून, सांडूपासून. तो पुण्यात नोकरीला. दिवाळीला आला, शेडमध्ये उभा राहिला, वर पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाला, की इथं चार खोल्या सहज निघतील, भाड्यानं चांगल्या जातील. एवढंच म्हणाला आणि फराळाला गेला. काकासाहेब काही बोलले नाहीत. पण आशाबाईच्या कानात ते वाक्य जाऊन बसलं. गल्लीतल्याच दोन सख्ख्या भावांचा तंटा तिनं रोज बघितला होता. नळाच्या तोटीवरून सुरू झालेलं ते प्रकरण आता कोर्टाच्या तारखांवर जगत होतं.

"सांडूचं काय चुकलं नाय," ती दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता बद्रीला म्हणाली. "पोरगं हाये, त्याच्या बापाचं बघतंय. पण आपल्यात गोडी हाये तवरच रेघ मारून घ्या. एकदा पोरांच्या तोंडून निघालं की मंग रेघ राहत नसती, कोर्ट व्हतं."

बद्रीला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पण पटणं वेगळं आणि भावापुढं उभं राहून 'वाटणी' हा शब्द तोंडातून काढणं वेगळं. बाप गेला तेव्हा बद्री चड्डीत होता. त्याला शाळेत घातलं ते काकासाहेबांनी, शहरात धाडलं ते त्यांनी, नोकरी लागल्यावर पहिल्यांदा टेरिकॉटची पँट शिवून दिली तीही त्यांनीच. दोन-तीनदा तो मनाशी वाक्य जुळवून भावाच्या खाटेपाशी गेला आणि पेपरमधली एखादी बातमी विचारून परत आला.

मग मशीनचं ठरलं आणि त्याला वाट सापडली. शेडचा मध्य काढायचा, मशीन आपल्या अर्ध्यात बसवायचं, आणि मध्यावर भिंतीपुरती जागा सोडून द्यायची. मशीन चालू झालं की आवाज होणार, लोखंडाच्या चिपा उडणार, तेलाचा राडा होणार. मग काही महिन्यांनी म्हणायचं, की पलीकडं त्रास होतो, एक भिंत घालून घेऊ. वाटणीचं नावही काढायला नको. सुंठीवाचून खोकला जाईल. आशाबाईला ही युक्ती तितकीशी आवडली नव्हती. सांगायचं तर सांगावं, असं तिचं म्हणणं होतं. पण सांगणार तो होता, ती नव्हती.

म्हणून त्यानं टेप लावून शेडचा मध्य काढला, खडूनं रेघ ओढली, रेघेपासून विटांची भिंत आणि दोन्हीकडचा गिलावा धरून जागा सोडली आणि तिथून मशीनचा चौकोन आखला. त्याच्या अर्ध्यात पुढं एक लेथ टाकायचा होता, कामाचं बाकडं यायचं होतं, तेव्हा मशीन रेघेला जितकं चिकटून बसेल तितकं बरं. आखून झाल्यावर त्यानं मागं सरून बघितलं, तर मध्यावरची रेघ फारच पांढरी दिसत होती. त्यानं तिच्यावर एक रिकामं पोतं अंथरलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

*

गटाराच्या ढाप्यावर जाड लोखंडी प्लेट टाकून मशीन पार झालं. वळणावर एकदा ते कलतंय असं वाटलं, तेव्हा नवाबनं लाथेनंच ठोकळा सारला आणि मशीन सावरलं. घराच्या फाटकाचा एक खांब बद्रीनं आधीच पाडून ठेवला होता, तिथूनही ते अंगणात आलं. एवढं सगळं निभावलं आणि शेडच्या दारात मशीन अडलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. टेबलाचं एक हँडल चौकटीला घासत होतं.

बद्रीनं पाना आणून हँडल काढलं. आता दाराची पायरी राहिली. फळ्या लावून उतार केला, तर फळी फरशीवरून सटकायला लागली. हैदरनं हात झाडले आणि कोणाकडंही न बघता ओरडून विचारलं, की खाली घालायला एखादं बोरंबिरं आहे का.

द्वारकाबाई दारातच पदर खोचून उभ्या होत्या. काकासाहेबांची बायको, पण या घराचं सगळं बोलणं त्यांच्याकडंच होतं, नवऱ्याच्या वाट्याचंसुद्धा. त्यांच्या लग्नात सात-आठ वर्षांचा बद्री करवला होता, आणि त्यांच्या लेखी तो अजून तेवढाच होता. मशीन अंगणात येताच त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं, ओवाळलं होतं, आणि ज्यानं ओझं आणलं त्यानंच नारळ फोडायचा म्हणून नारळ हैदरच्या हातात दिला होता. हैदरनं बिस्मिल्ला म्हणून तो पायरीवर फोडला होता आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा द्वारकाबाईंनी मशीनच्या टेबलावर ठेवला होता.

"हे काय, इथं पडलंय की पोतं," त्या म्हणाल्या, आणि बद्री काही बोलायच्या आत शेडमध्ये जाऊन त्यांनी ते ओढून आणलं. हैदरनं ते फळीखाली कोंबलं.

रेघ उघडी पडली. दारातून आलेलं ऊन नेमकं तिच्यावर होतं. बद्रीनं आशाबाईकडं बघितलं. ती चुलीवरचा तवा सोडून दारापर्यंत आली होती. तो दुसरं पोतं शोधायला वळला तशी ती त्याच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "आता झाकू नका. झाकलं की जास्त दिसतं."

मशीन उतारावरून आत आलं. नवाबनं पाइप फिरवून त्याचं तोंड वळवलं. हैदरनं खडूचा चौकोन बघितला, मग रेघ बघितली, आणि दोहोंमधली चिंचोळी पट्टी बघून भुवया वर केल्या.

"इतनी जगह कायकू छोड़े?" त्यानं विचारलं. "रखना है तो दूर रखो, नै तो चिपका दो."

"झाडायला लागती," बद्री म्हणाला. "चिपा पडत्यात. तेल द्यायला मागून हात घालावा लागतो."

त्यात तथ्य नव्हतं. तेल द्यायच्या जागा दुसऱ्या बाजूला होत्या आणि हैदरला त्या ठाऊक होत्या. पण मशीन ज्याचं त्याचं. हैदरनं खांदे उडवले आणि सांगितल्या चौकोनात मशीन आणून ठेवलं. पाइप एकेक करून निघाले. शेवटचा निघाला तेव्हा फरशीतून पायांना हादरा जाणवला.

काकासाहेब शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. सकाळपासून त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. पोलीस ॲक्शनच्या साली जन्म झाला, असं त्यांची आई सांगायची. नक्की तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. पाचोडला त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे कमी बोलणं आणि दुसरी म्हणजे बांधाची नजर. शेजाऱ्याच्या नांगरानं बांध एका तासानं, एका रेघेनं जरी कोरला, तरी काकासाहेबांना नुसतं उभं राहून कळायचं. ते भांडायचे नाहीत. शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन पाणी प्यायचे आणि म्हणायचे, औंदा तुमचा बैल जरा आमच्याकडं वढला वाटतं. दुसऱ्या दिवशी बांध जागेवर यायचा. बद्रीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून तर तो आज भावाच्या नजरेला नजर देत नव्हता.

हैदरनं मशीनच्या चारी पायांखाली पत्र्याचे तुकडे सारून लेव्हल धरायला सुरुवात केली. काचेतला बुडबुडा एकदा इकडं जायचा, एकदा तिकडं. तो मधोमध आला की फरशीत भोकं पाडायची, बोल्ट सोडायचे आणि सिमेंट ओतायचं. सिमेंट सुकलं की मशीन घराचं झालं. मग ते हलवायचं म्हणजे फरशी फोडूनच.

*

आशाबाईनं पिठलं-भाकरी झाल्याचं सांगितलं. हैदर, नवाब आणि हातभार लावायला आलेली बोळातली माणसं हातपाय धुऊन ओट्यावर बसली. द्वारकाबाई वाढत होत्या आणि नवाबला तिखट सोसत नाही म्हणून त्याची फिरकी घेत होत्या. बद्री जेवायला गेला नाही. लेव्हल बघतो म्हणाला. खरं म्हणजे त्याला भूक नव्हती. आता तासाभरात सिमेंट पडेल, सगळं पक्कं होईल, आणि आपण सुटू, असं त्याला वाटत होतं. सुटू म्हणजे कशातून, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

मागं काठी वाजली. काकासाहेब आत आले होते. एका हातानं त्यांनी मशीनचा आधार घेतला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचं कुंकू पुसलं जाणार नाही अशा बेतानं लोखंडावरून तळवा फिरवला.

"हे हलतं का?" त्यांनी टेबलाकडं बोट करून विचारलं.

"हलतं की."

बद्रीनं काढलेलं हँडल परत बसवलं आणि फिरवलं. टेबल सरकत सरकत रेघेच्या बाजूला गेलं आणि थांबलं. मग त्यानं उलटं फिरवून ते दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवलं. भावाला काम दाखवायची ही पहिलीच वेळ होती. एवढी वर्षं कारखान्यात गेली, पण काकासाहेब कधी कारखान्याच्या फाटकाच्या आत आले नव्हते. बद्री नकळत भराभर सांगत गेला, की कटर वर कसा बसतो, जॉब म्हणजे कापायचा तुकडा इथं कसा आवळतात, केसाएवढा फरक पडला तरी माल कसा परत येतो. काकासाहेब मान हलवत होते. त्यांना त्यातलं किती कळत होतं कोण जाणे, पण ते मन लावून ऐकत होते, आणि बद्रीला घटकाभर आपली रेघ विसरायला झाली.

"आन् तू उभा कुठं राहणार?"

"इथं."

काकासाहेब त्या जागेवर येऊन उभे राहिले. तिथून त्यांनी मशीनकडं पाहिलं, मग दाराकडं, मग शेडच्या पलीकडच्या अर्ध्याकडं. तिथं म्हशीची दावण अजून तशीच होती. मग ते हळूहळू चालत रेघेपाशी गेले. त्यांचा पाय रेघेवर आला आणि तिथंच थांबला. त्यांनी खाली बघितलंही नाही. रानात माणूस अंधारातही बांधावर बरोबर थांबतो, तसा त्यांचा पाय थांबला होता.

बद्रीनं हँडल सोडलं. आता भाऊ विचारतील, आणि आपण झाडायचं आणि तेलाचं सांगू, आणि त्यांना ते खोटं आहे हे कळेल. इतक्या वर्षांत तो भावाशी कधी खोटं बोलला नव्हता. अगदी विडी ओढताना सापडला तेव्हाही बोलला नव्हता. सांगूनच टाकावं, असं त्याच्या मनात आलं. तो एक पाऊल पुढं झालाही. पण जुळवून ठेवलेलं वाक्य त्याला ऐनवेळी आठवेना.

काकासाहेबांनी काही विचारलं नाही. वाकणं गुडघ्यांना झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी काठी आडवी धरली. तिची मूठ रेघेच्या वर, कमरेच्या उंचीला स्थिर धरली आणि टोक हळूहळू मशीनच्या बाजूला फिरवलं. काठी पुरती वळायच्या आतच तिचं टोक टेबलाच्या कडेवर आपटलं. काकासाहेबांनी ती मागं घेतली, थोडं पुढं सरकून दुसऱ्या जागी तसंच करून बघितलं. पुन्हा आवाज झाला. मग त्यांनी काठी फरशीवर टेकवली.

"हैदरला बोलव," ते म्हणाले.

हैदर हात पुसत आला. मागून नवाबही आला, त्याच्या तोंडात अजून घास होता.

"जेवणातून उठवलं, राग मानू नका," काकासाहेब म्हणाले. "पण हे मशीन तिकडं घ्या. चांगलं हातभर."

"काकासाब, लेव्हल तर होत आली की," हैदर मराठीत आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला समजावून सांगावं. "बद्रीभाऊनंच रेघ मारून दिलती. आम्ही रेघेवर ठिवलं."

"भाऊ, जागा पुरंल," बद्री म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "झाडायला, तेल द्यायला लई झाली एवढी."

काकासाहेबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते रेघेकडंच बघत होते.

"भिंतीला पुरंल," ते म्हणाले. "दाराला नाय पुरत."

बाहेर ओट्यावर ताटवाट्यांचे आवाज चालू होते. बद्रीला लाज वाटली, इतकी की कान तापले, आणि त्या लाजेच्या खाली, तिला न विचारता, त्याला लहान मुलासारखं रडायला येत होतं. कधीपासून ठाऊक होतं, हे त्याला विचारायचं होतं. आज सकाळी, पोतं उचललं तेव्हा? की सांडू दिवाळीला पत्र्याकडं बघत उभा होता, तेव्हाच? पण ते विचारायचं म्हणजे पुन्हा त्याच शब्दापाशी यायचं.

"भाऊ," तो एवढंच म्हणाला.

"येणंजाणं ऱ्हाईल ना," काकासाहेब म्हणाले. "दार पुरतं उघडलं पाहिजे. अर्धं उघडणारं दार लई वंगाळ. माणूस आडवा होऊन किती दिवस शिरणार? आन् पुढं एक दिवस शिरायचंच सोडून देतो."

हैदरनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्यानं पुष्कळ घरांत मशीनं बसवली होती, पुष्कळ घरांतून बाहेरही काढली होती. कुठली भिंत आणि कुठलं दार, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं पायांखालचे पत्र्याचे तुकडे काढायला सुरुवात केली, आणि नवाब न सांगता पाइप आणायला गेला.

बद्रीनं कोपऱ्यातली दुसरी पहार उचलली. हैदर नको नको म्हणत होता, मालकानं हात लावायचा नसतो म्हणत होता. बद्रीनं ऐकलं नाही.

पहिला पाइप खाली गेला तेवढ्यात द्वारकाबाई ताकाचा तांब्या घेऊन दारात आल्या. त्यांच्या मागं आशाबाई होती. नीट बसवलेलं मशीन पुन्हा पाइपवर चढताना बघून द्वारकाबाईंनी तांब्या खालीच ठेवला.

"आता गं बया. हे काय चाललंय? आत्ताच तर बसलं होतं."

आशाबाईचा चेहरा उतरला. तिनं रेघेकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. बद्रीनं तोंड उघडलं. आता त्याला वाक्य आठवलं होतं, सगळंच्या सगळं, आणि तो ते बोलणार होता.

"म्याच सांगितलं," काकासाहेब त्याच्या आधी म्हणाले. ते खुर्चीकडं निघाले होते. "बद्रीला वळायला जागा होत नव्हती."

द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. जन्मभर औत हाकलेल्या माणसाला आता मशीनमधलं कधीपासून कळायला लागलं, असं त्यांनी विचारलं. माणसांची जेवणं अर्धी राहिली, उन्हात बिचाऱ्यांनी एवढं ओझं आणलं, आणि हे बसल्या जागेवरून हुकूम सोडतात. आयुष्यभर तोंड उघडलं नाही आणि उघडलं ते हे असं, भलत्या वेळी. काकासाहेब खुर्चीत बसून सगळं ऐकून घेत होते. मधेच त्यांनी चुकलं असंही म्हणून टाकलं, पण तेवढ्यानं त्या थांबणाऱ्या नव्हत्या.

"आन् भावजी, तुमी बी ऐकता यांचं," त्या बद्रीकडं वळून म्हणाल्या.

बद्रीनाथनं मान वर केली नाही. त्यानं पहारीवर पोट टेकवलं आणि हैदर बस म्हणेपर्यंत भार देत राहिला.